कन्सोलच्या आत पीसीचेच भाग, मग तो पीसीसारखा का वागत नाही?

गोदाकाठ

नाशिककर मंडळी, गेम खेळायला "कन्सोल घ्यावा की पीसी" हा प्रश्न इथे सारखा येतो आणि दरवेळी चर्चा किमतीवर येऊन थांबते. हा धागा किमतीसाठी नाही, आतल्या रचनेसाठी आहे.

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. त्यात एएमडीचा आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर, एएमडीचंच ग्राफिक, १६ जीबी मेमरी आणि एसएसडी. एक्सबॉक्स सिरीज एक्सही जवळपास तसाच. दुकानात जोडून मिळणारा पीसी आणि हे डबे एकाच घराण्यातले.

माझे प्रश्न तीन. भाग तेच असताना वागणूक वेगळी कशाने होते? त्यावर विंडोज का बसत नाही? आणि आपल्याकडचा एप्रिल-मे, लाइट जाणं, धूळ यात नेमकं काय सांभाळायचं? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट लिहा, ही विनंती.

अंबड_व्हीएमसी

पहिल्या प्रश्नाला आपल्या एमआयडीसीतलं उदाहरण देतो. लेथवर आज बुश होतो, उद्या शाफ्ट. प्रत्येक जॉबला सेटिंग बदला, टूल बदला, ऑपरेटरने डोकं लावा. एसपीएम, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन, मात्र एकाच जॉबसाठी बांधलेलं असतं. फिक्श्चर ठरलेलं, सायकल टाइम ठरलेला, आणि हजारावा पीस पहिल्यासारखाच उतरतो. मोटर, बेअरिंग, स्पिंडल मात्र दोन्हीकडे बाजारातलेच. कन्सोल हे एसपीएम आणि पीसी हा लेथ, असं धरून चला.

इथला सायकल टाइम म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एकीला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, ३० दाखवायच्या तर ३३.३, आणि १२० ला फक्त ८.३३. तेवढ्यात कंट्रोलरचं बटण वाचायचं, खेळातल्या सगळ्या हालचाली मोजायच्या, चित्र रंगवायचं आणि टीव्हीकडे पाठवायचं. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर ही वेळ अर्ध्या मिलिसेकंदाने जरी हुकली तरी मागचीच फ्रेम पुन्हा दिसते, म्हणजे ते चित्र ३३.३ मिलिसेकंद अडकून राहतं. डोळ्याला जो झटका बसतो तो हाच. टीव्हीला व्हीआरआर (चित्र बदलायचा वेग कमी-जास्त करायची सोय) असेल तर तो फ्रेमची वाट पाहतो आणि झटका बराच बोथट होतो.

सोळामिलिसेकंद

भाऊ, उदाहरण चपखल आहे, पण जुन्या कन्सोलना ते जितकं लागू पडतं तितकं आजच्यांना पडत नाही. १९८३ च्या निन्टेंडोच्या फॅमिकॉममध्ये चित्र काढणारी चिप फक्त टाइल (पार्श्वभूमीचे चौकोनी तुकडे) आणि स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) एवढंच जाणत होती. एकूण ६४ स्प्राइट आणि एका आडव्या रेषेत जास्तीत जास्त आठ. नववा आला की तो त्या रेषेत दिसतच नाही, म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवत आणि आपल्याला ते लुकलुकताना दिसत. प्लेस्टेशन २ मध्ये ग्राफिक चिपच्या पोटातच ४ एमबी मेमरी होती. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर तर वेगळ्याच जातीचा: एक मुख्य कोअर आणि आठ छोटी गणितयंत्रं. त्यातलं एक बंद ठेवलेलं, एक सिस्टीमसाठी राखीव, म्हणजे खेळाला सहा. ही खरी एसपीएम.

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन दोघांनीही एएमडीचे एक्स८६, म्हणजे पीसीत असतात त्याच जातीचे, कोअर घेतले आणि भागांतला फरक बहुतेक मिटला. तरी वागणूक वेगळी राहिली, कारण आजचा फरक तीन जागी आहे: सगळं ठरलेलं असणं, मेमरीची मांडणी आणि साठवणुकीची वाट.

आधी ठरलेलं असणं म्हणजे काय ते. सिरीज एक्सच्या चिपवर प्रत्यक्षात ५६ ग्राफिक युनिट छापलेले असतात, चालू ठेवतात ५२. पीएस५ मध्ये ४० पैकी ३६. कारखान्यात एखादं युनिट खराब निघालं तरी चिप फेकावी लागत नाही. पण ज्या चिपमध्ये सगळी चांगली निघतात तिचीही जादाची युनिट बंदच ठेवतात. कारण प्रत्येक डबा दुसऱ्यासारखा असलाच पाहिजे. मेमरीचंही तसंच: सिरीज एक्सच्या १६ जीबीपैकी १३.५ खेळाला, २.५ सिस्टीमला. पीसीवर अँटिव्हायरस जागा झाला, ब्राउझरचे वीस टॅब उघडे राहिले की खेळाच्या वाट्यातून जातं. इथे वाटण्या आधीच झालेल्या असतात.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. लॅपटॉप तापला की घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, कमी करतो. पीएस५ चं घड्याळही बदलतं, ग्राफिक २.२३ आणि प्रोसेसर ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत, पण ते तापमानावरून ठरत नाही. चिपवर त्या क्षणी काम कसलं चाललंय त्यावरून ठरतं. पीएस५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या सादरीकरणात हे सविस्तर सांगितलं होतं. म्हणजे मे महिन्यात पंचवटीत आणि डिसेंबरात महाबळेश्वरला तोच खेळ त्याच फ्रेमरेटला चालायला हवा. उष्णतेची भरपाई पंखा करतो. त्याला नाही जमलं तर सूचना येते आणि मशीन बंद होतं, पण हळूहळू मंदावत नाही.

गोदाकाठ

पीसीवर नवा खेळ पहिल्यांदा चालू केला की "शेडर कंपाइल होत आहेत" म्हणत पाच-दहा मिनिटं जातात, आणि तरीही पहिल्या तासात झटके बसतात. कन्सोलवर हे दिसत नाही. हाही ठरलेलं असण्याचाच परिणाम का?

सोळामिलिसेकंद

हो, आणि सगळ्यात स्पष्ट दिसणारा परिणाम. शेडर म्हणजे पाण्यावरची चमक, कातडीचा पोत, धूर हे रंगवणारे छोटे प्रोग्राम. ते शेवटी ग्राफिक चिपच्या स्वतःच्या भाषेत उतरवावे लागतात. ही भाषा एनव्हिडियाची वेगळी, एएमडीची वेगळी, एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचीही वेगळी. बाजारात कार्ड आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) यांच्या इतक्या जोड्या आहेत की खेळ बनवणारा सगळ्यांसाठी आधी उतरवून ठेवू शकत नाही. म्हणून ते काम तुमच्या घरी, तुमच्या मशीनवर होतं. खेळ चालू असताना एखादा नवा शेडर लागला आणि तो उतरवायला ५० मिलिसेकंद गेले, तर सलग तीन फ्रेम हुकल्या. ड्रायव्हर अपडेट केला की जुना साठा बाद, पुन्हा पहिल्यापासून. कन्सोलची चिप एकच, म्हणून शेडर स्टुडिओतच उतरवून खेळाबरोबर पाठवतात.

आता मेमरी. पीसीत दोन वेगळी कोठारं असतात, प्रोसेसरची रॅम आणि ग्राफिक कार्डची व्हीरॅम. रॅम दोन काड्यांची डीडीआर४-३२०० (पीसीतली नेहमीची जात) असेल तर सेकंदाला ५१.२ जीबी जातात. कार्डची मेमरी त्याच्या कितीतरी पट वेगवान असते, पण तिथे माल पीसीआयच्या, म्हणजे बोर्डावरच्या कार्डजोडणीच्या, वाटेनं नेऊन टाकावा लागतो. कन्सोलमध्ये कोठार एकच, जीडीडीआर६, म्हणजे ग्राफिक कार्डावर असते तशी मेमरी. पीएस५ ला सेकंदाला ४४८ जीबी. सिरीज एक्समध्ये १० जीबी हिस्सा ५६० ने आणि ६ जीबी हिस्सा ३३६ ने चालतो. प्रोसेसरने लिहिलेलं ग्राफिक तिथल्या तिथे वाचतं, नकल करावी लागत नाही.

मग पीसीच्या रॅमलाही जीडीडीआर६ का लावत नाहीत? कारण या मेमरीचा पाइप रुंद असला तरी पहिला थेंब यायला वेळ लागतो. ग्राफिकला एकदम भरपूर माल लागतो, त्याला चालतं. ब्राउझर, एक्सेल यांना जागोजागचा थोडा थोडा माल लगेच लागतो, त्यांना नाही चालत. याचा पुरावाही आहे. एएमडीने २०२१ मध्ये ४७००एस नावाचा डेस्कटॉप संच काढला: आठ झेन २ कोअर, बोर्डावरच जोडलेली जीडीडीआर६, आतलं ग्राफिक बंद. चाचण्यांमध्ये त्याची मेमरी प्रतिसादाला साध्या डीडीआर४ पेक्षा ठळकपणे मागे पडली.

साठवणुकीचं थोडक्यात. पहिल्या पीएस५ ची एसएसडी ८२५ जीबी अशा विचित्र आकड्याची आहे, कारण एसएसडी हाकणाऱ्या चिपला १२ चॅनेल, म्हणजे वाटा, आहेत. कच्चा वेग सेकंदाला ५.५ जीबी. पण खरी करामत पुढे आहे. खेळाचा डेटा आवळून ठेवलेला असतो आणि तो उलगडायला चिपमध्येच वेगळा विभाग आहे. सर्नी यांच्या हिशेबाने तेच काम प्रोसेसरवर टाकलं तर झेन २ चे नऊ कोअर लागले असते. अख्ख्या प्रोसेसरमध्येच आठ आहेत. म्हणून पीसीत तेवढीच वेगवान एसएसडी लावली तरी खेळ त्याच वेगाने उघडेल असं नाही. माल येतो, पण उलगडायला प्रोसेसर अडतो.

नाशिकरोडकर

दुसरा प्रश्न मी घेतो, विंडोज का बसत नाही. आपल्या करन्सी नोट प्रेसवरून सहज समजेल. नोट खरी आहे का हे भाजीवालाही सुरक्षा धागा आणि वॉटरमार्क बघून ओळखतो. पण ओळखता येतं म्हणून त्याला छापता येत नाही, छापायची सोय प्रेसमध्येच. कन्सोलमध्येही किल्ल्यांची जोडी असते. तपासायची किल्ली प्रत्येक डब्यात, सही करायची किल्ली फक्त कंपनीत.

मशीन चालू केलं की सगळ्यात आधी चिपमध्ये कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो कारखान्यातून निघाला की कुणालाच, कंपनीलासुद्धा, बदलता येत नाही. तो पुढच्या टप्प्याची सही तपासतो, तो टप्पा सिस्टीमची, सिस्टीम खेळाची. साखळीत एक सही चुकली की गाडी तिथेच थांबते. विंडोजवर या कंपनीची सही नाही, संपला विषय. पीसीतही अशी सही तपासणारं सिक्युअर बूट असतं, पण तिथे मालक तुम्ही. बायोसमध्ये (पीसीच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये) जाऊन ते बंद करता येतं किंवा स्वतःची किल्ली घालता येते.

जुनी सिस्टीम परत टाकून पळवाट काढू म्हणाल, तर एक्सबॉक्स ३६० मध्ये त्यासाठी चिपच्या आत बारीक फ्यूज होते. महत्त्वाच्या अपडेटला त्यातला एक जळायचा आणि जळालेला फ्यूज मागे येत नाही. जळलेल्यांची संख्या जुळली नाही की जुनी सिस्टीम चालूच होत नसे.

किल्ली दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, हे प्लेस्टेशन ३ ने दाखवलं. त्यावर सुरुवातीला लिनक्स टाकायची अधिकृत सोय होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन विभागाने २०१० मध्ये सुमारे १,७६० पीएस३ जोडून महासंगणक उभा केला. त्याच वर्षी १ एप्रिलला ३.२१ अपडेट आलं आणि ती सोय गेली. विकत घेताना असलेली गोष्ट नंतर काढून घेतली, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दुसरी बाजूही मान्य करायला हवी: ऑनलाइन खेळात भिंतीआडचं बघणारे भामटे कन्सोलवर खूप कमी, ते याच कुलपामुळे.

कुणी स्टीम डेकचं विचारेल म्हणून लिहून ठेवतो. तो हातात कन्सोलसारखा दिसतो, पण पीसी आहे. आत लिनक्स, आणि विंडोजही बसतं. कुलूप नाही, हाच फरक.

गरमहवा

तिसरा प्रश्न दुरुस्तीच्या टेबलावरचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

पीएस५ साठी कंपनीने दिलेली मर्यादा ५ ते ३५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर चाळिशी गाठते, आणि सिडकोतल्या वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली संध्याकाळीही ३५ च्या वर असते. त्यात मशीन काचेच्या दाराच्या टीव्ही युनिटमध्ये ठेवलं तर तीच गरम हवा आत फिरत राहते. सगळ्या बाजूंनी निदान १० सेंटीमीटर मोकळे हवेत. पीएस५ पुढून हवा घेतो, मागून सोडतो. सिरीज एक्स खालून घेऊन वर सोडतो, म्हणून त्याच्या डोक्यावर फळी चालत नाही आणि वर रुमाल टाकणं तर अजिबात नाही.

धूळ. पहिल्या पीएस५ मध्ये पांढरी झाकणं काढली की धूळ साठायला दोन खास भोकं दिसतात. व्हॅक्यूमची नळी तिथे लावायची. ब्लोअर मारत असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने वेड्यासारखं फिरलं तर बेअरिंग जातं. बांधकामाची बारीक माती असेल तर दोन-तीन महिन्यांनी, एरवी सहा महिन्यांनी पुरे. पण एक कळकळीने सांगतो: हीटसिंक उचलू नका. खाली नेहमीची पांढरी पेस्ट नाही, द्रव धातू आहे. तो विजेचा वाहक आहे, थेंब बाजूच्या बारीक भागांवर गेला की शॉर्ट. ॲल्युमिनियमला लागला तर ते पोखरतो. पीसीची पेस्ट घरी बदलता येते, याची नाही.

जादा एसएसडी. हे मात्र घरी बिनधास्त करा. एम.२ एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी लांबट पट्टी), पीसीआय चौथी पिढी, वाचनाचा वेग ५,५०० एमबी किंवा जास्त. तिसऱ्या पिढीची किंवा साटा या जुन्या, संथ जातीची एम.२ दिसायला सारखीच असते, पण चालत नाही. हीटसिंक हवाच, आणि त्याच्यासकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. इथेच लोक फसतात, पीसीसाठीचा उंच हीटसिंक आणतात आणि झाकण बसत नाही.

मशीन पूर्ण बंद करा, नुसतं रेस्ट मोडमध्ये नको. सगळ्या वायरी काढा, थंड होऊ द्या. झाकण सरकवा, आतल्या लांबट पट्टीचा एक फिलिप्स (अधिकच्या खाचेचा) स्क्रू काढा. आत स्क्रू आणि त्याखाली छोटी नळीसारखी स्पेसर दिसेल. कार्ड बहुधा २२८० मापाचं (२२ मिलिमीटर रुंद, ८० लांब) असतं, स्पेसर ८० च्या भोकात नेऊन ठेवा. कार्ड तिरकं सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्पेसर विसरलात तर स्क्रू आवळताना कार्ड धनुष्यासारखं वाकतं. चालू केल्यावर मशीन स्वतःच फॉरमॅट विचारतं आणि मोजलेला वेग दाखवतं. त्या कार्डावर आधीचं काही असेल तर ते जाईल.

यूएसबी हार्डडिस्क लावून पीएस५ चे खेळ फक्त ठेवता येतात, तिथून चालवता येत नाहीत. पीएस४ चे चालतात. वर सोळामिलिसेकंद यांनी साठवणुकीची वाट सांगितली, कारण तेच.

अंबड_व्हीएमसी

लाइटचं राहिलं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरेल का?

गरमहवा

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. पहिला पीएस५ जड खेळात २०० च्या आसपास घेतो, ४३ इंची टीव्ही ८०-१००, राउटर १०. बेरीज ३०० च्या आसपास, म्हणजे काठावर. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, कागदावर ८४ वॉट-तास. एवढ्या लोडला प्रत्यक्षात पाच-सात मिनिटं मिळतील. खेळत बसायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला तो घ्यायचा. १००० व्हीए घेतला तर धाप लागणार नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. पॉवर सप्लाय लाइट गेल्यावर दहा-वीस मिलिसेकंदच तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा बदलतो आणि मशीन पडतं. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर उत्तम, चौकोनी वेव्हवर सप्लायमधून गुणगुण ऐकू येते.

रेस्ट मोडमध्ये लाइट गेली तरी ते अचानक बंद पडणंच आहे. रोज लाइट जाणाऱ्या भागात रेस्ट मोड वापरूच नका. मशीन तसं पडलं आणि नंतर खेळांची यादी अर्धी दिसायला लागली, तर बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा, दुसरी बीप साधारण सात सेकंदांनी येते, मग सोडा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर वायरने जोडा आणि कॅशे साफ करून डेटाबेस पुन्हा बांधायचा पर्याय निवडा. खेळ आणि सेव्ह तसेच राहतात. शेवटचे रिसेटचे पर्याय मात्र सगळं पुसतात, त्यांना हात लावू नका.

सिडको_कॅसेट

मोठ्यांच्या चर्चेत एक छोटी शंका. नव्वदीतले टीव्ही गेम, ज्यांना आपण कॅसेट लावायचो, ते याच जातीचे का? आत उघडलं तर चिप दिसतच नाही, काळा डांबरासारखा गोळा दिसतो.

सोळामिलिसेकंद

हो, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला. मूळ मशीनमधला प्रोसेसर, चित्राची चिप असे वेगळे भाग पुढे एकाच सिलिकॉनवर आणले, ते थेट बोर्डावर चिकटवलं आणि वर एपॉक्सी ओतलं, तोच काळा गोळा. कामाची मेमरी २ केबी. त्यात सिस्टीम नावाचा प्रकार नव्हताच. कॅसेट म्हणजे रॉम चिप, बटण दाबलं की प्रोसेसर सरळ कॅसेटमधली पहिली सूचना वाचायचा. म्हणून दुसऱ्या क्षणाला खेळ चालू.

चालत नसेल तर फुंकू नका. तोंडातल्या वाफेने पट्ट्या गंजतात. दोन्ही बाजूंना ३०-३० पट्ट्या असतात, त्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग कापसाच्या काडीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, सुकल्यावरच लावा.

गोदाकाठ

सेकंडहँड पीएस५ बघायला जायचं असेल तर काय काय तपासू?

गरमहवा

मोबाइलचा टॉर्च घेऊन आधी मागचं एचडीएमआय बघा. १९ पिना सरळ रेषेत हव्यात, एखादी आत दबलेली किंवा प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल तर सोडून द्या. बोर्ड अनेक थरांचा आहे, उष्णता ओढून घेतो. पोर्ट काढायला खालून तापवावं लागतं आणि नवशिक्याच्या हातून बोर्डावरच्या पट्ट्या उखडतात. जुना पोर्ट बदललेला असेल तर चार पायांभोवती राळेचे पिवळट डाग दिसतात, ते कुणी बदललं हे विचारा.

मग डिस्क घालून बघा, नुसती आत जाते म्हणून समाधान मानू नका, खेळ उघडेपर्यंत थांबा. पहिल्या मॉडेलचा ड्राइव्ह त्याच्या मदरबोर्डाशी किल्लीने बांधलेला असतो. नाशिकरोडकरांनी सांगितलेलं कुलूप इथेही आहे. ड्राइव्हचा बोर्ड गेला तर दुसऱ्या मशीनचा लावून खेळ चालत नाहीत. २०२३ च्या बारीक मॉडेलचा ड्राइव्ह सुटा मिळतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

स्वतःच्या खात्याने तिथेच लॉगिन करा. कंपनीची मशीनवरच बंदी असेल तर ते ऑनलाइन जाणार नाही आणि पैसे दिल्यावर ते कळून उपयोग नाही. शेवटी जड खेळ लावून निदान अर्धा तास चालू ठेवा. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला पंखा किंचाळला किंवा मशीन बंद पडलं तर आत कुणीतरी हीटसिंक उचललेला असू शकतो. मागच्या बाजूचे टॉर्क्स टी-८ (सहा टोकांच्या खाचेचे) स्क्रूही बघा, खाचा झिजलेल्या असतील तर आत हात गेलेला आहे. आणि जाताना संध्याकाळचं नाही, दुपारचं जा, उन्हात तापलेल्या खोलीत जे टिकेल तेच घ्या.